चितार आळीतून दिवाळी: लाकडी सीताफळ, गंजिफा आणि एक थर्माकोलचं खोकं

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माळा आवरताना प्लॅस्टिकचे अकरा ट्रे निघाले. सुकामेव्याच्या खोक्यातले, चार-चार कप्प्यांचे. काजू-बदाम कधीच फस्त झाले होते, ट्रे मात्र ‘कशाला तरी लागतील’ म्हणून मीच जपून ठेवलेले. तेव्हाच ठरवलं, आपण तरी असली खोकी द्यायची नाहीत. माहेर कुडाळचं, म्हणजे लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेली सावंतवाडी हाकेच्या अंतरावर. इतकी वर्षं सुचलं कसं नाही, कोण जाणे.

पहिल्या वर्षी आळस केला. तिथल्या चितार आळीतल्या, म्हणजे खेळण्यांच्या बाजारातल्या, एका दुकानात फोन लावला, फोटोंवरून बारा घरांसाठी लाकडी वस्तू निवडल्या आणि कुरिअरने डोंबिवलीला मागवल्या. खोकं उघडलं तर आत थर्माकोलचे गोळे! वर बबल रॅपचे तीन वेढे. पुढे आठवडाभर ते पांढरे मणी सोफ्याखालून निघत होते. दोन भोवऱ्यांची आरी, म्हणजे खालचा खिळा, वाकडी होती आणि एका लाकडी कारल्याचा हिरवा रंग ओल्या बोटाला लागत होता. फोन केला तर ‘पाठवून द्या, बदलून देतो’ म्हणाले, पण परतीचं कुरिअर माझ्या खर्चाने. म्हणजे कारल्यापेक्षा कुरिअर महाग. ते कारलं अजून माझ्याकडेच आहे.

मागच्या वर्षी मात्र सावंतवाडीला जायला दादरहून तुतारी एक्स्प्रेस धरली. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाचे पैसे आधीच ठरवून घ्या. मोती तलावाला वळसा घालून चितार आळीत शिरलं की दोन्ही बाजूंना लाकडी खेळणी, पाट, पोळपाट, देव्हारे. यात प्लॅस्टिकची खेळणीही मिसळलेली असतात आणि लाकडी माल सगळाच इथला असतो असं नाही. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही शेजारी मांडलेली दिसली. विचारलं तर खरं सांगतात, न विचारता कुणी सांगत नाही.

ज्या दुकानात मी सगळ्यात जास्त वेळ बसले, तिथे गल्ल्यावर साठीच्या एक काकू होत्या. त्यांनी दोन लाकडी आंबे माझ्या दोन हातांत दिले. एक हलका, एक जड. हलका पांगाऱ्याच्या झाडाचा. फळांसाठी पूर्वीपासून तेच लाकूड, कारण ते मऊ आणि वजनाला अगदीच कमी. पांगारा आता हवा तेवढा मिळत नाही म्हणून दुसरं लाकूडही वापरावं लागतं, हे त्यांनीच सांगितलं. चांगल्या मालाची दुसरी खूण देठाशी. हाताने रंगवलेल्या आंब्यावर पिवळा आणि तांबूस रंग एकमेकांत विरतात आणि दोन आंबे कधीच सारखे दिसत नाहीत. घाईच्या मालावर मध्येच रेघ मारल्यासारखी हद्द दिसते.

सीताफळावर मी खरोखर भाळले. एकेक डोळा वेगळा कोरलेला, खाचांत काळपट हिरवा, उंचवट्यावर फिकट, आणि एका बाजूला पिकल्याचा किंचित करडा डाग. तो डाग रंगवायचं कुणाला तरी सुचलं, त्याचेच पैसे मी दिले असं समजा. पाच फळांचा संच मला ४५० रुपयांना पडला. घासाघीस केली नाही. करावीशी वाटली नाही असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे काकूंसमोर धीर झाला नाही.

गंजिफा सावंतवाडीच्या राजवाड्यात पाहिली. खेळायचे हाताने रंगवलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा, असे १२० पत्ते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, तेव्हा ती जाणणारे कारागीर बोटांवर मोजण्याइतकेही उरले नव्हते. आता तिला भौगोलिक मानांकन आहे. हाताने रंगवलेला पूर्ण डाव मात्र हजारांच्या घरात जातो. बारा घरांना वाटायची ती वस्तूच नव्हे. मी भावासाठी मत्स्यावताराचा एकच पत्ता चौकटीत बसवलेला घेतला. भाऊबीजेला ओवाळणी त्याने द्यायची असते, हे त्याने दोनदा बोलून दाखवलं, पण पत्ता आता त्याच्या टेबलावर आहे.

बांधाबांधीच्या वेळी मी थर्माकोल नको म्हणून आधीच सांगितलं. काकू हसल्या. “मगे गवतात भरून देतंय, कायएक जावचा नाय.” भातकापणी चालूच होती, मागच्या अंगणात पेंढ्याचा भारा पडलेला. प्रत्येक फळ आधी जुन्या वर्तमानपत्रात, मग पेंढ्यात, वरून सुतळी. गाडीत माझ्या पिशवीला शेताचा वास येत होता आणि समोरच्या बाकावरच्या आजोबांनी “कुठचं भात?” असं विचारलंच. बारा घरांच्या साठ फळांपैकी एकालाही खरचटलं नाही.

कुणाला काय द्यावं याबद्दल माझं मत आहे ते सांगते. फळं मोठ्यांच्या घरी द्या, शोकेससाठी. तीन वर्षांखालच्या पोरांना रंगवलेलं काही देऊ नका, ती पहिलं तोंडातच घालतात. जरा मोठ्यांना लाखेचा भोवरा उत्तम, पण दुकानातच जमिनीवर फिरवून बघा, आरी वाकडी असेल तर लगेच कळतं. लाकडी भातुकली दिसायला गोड, पण आत नीट घासलेली नसते. मी घेतलेल्या संचातल्या कढईची बारीक कूस भाचीच्या बोटात गेली. त्या दिवसापासून घरात सँडपेपरचा तुकडा असतो.

एकूण अनुभवाला पाचपैकी चार तारे. पाचवा कुरिअरच्या परतीच्या खर्चापायी गेला. यंदा जाणार असाल तर गणपतीत गावी गेल्यावरच सांगून ठेवा. नवरात्रानंतर गेलात तर चांगली सीताफळं आधीच उचललेली असतात.

माझ्या जाऊबाईंकडे फळांची टोपली जेवणाच्या टेबलावर असते. पाडव्याला त्यांच्याकडे आलेल्या एका पाहुण्यांनी बोलता बोलता केळं उचललं आणि सोलायला घेतलं. कुणीच काही बोललं नाही, सगळे बघत बसले.