१४४१६ चा फोन की समोर बसलेला समुपदेशक?

गुहागरच्या आतल्या वाडीतून रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जायचं तर अख्खा दिवस मोडतो, वर शेजाऱ्यांचं 'खंय गेल्लंव?' आहेच. त्यापेक्षा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ बरा: ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीत. फक्त पावसात रेंज हवी!

तरी माझा कल समोरासमोर बोलण्याकडे. गोव्यात १० आरोग्य केंद्रांत ४९५ नैराश्यग्रस्तांवर अशा बोलण्याच्या उपचाराची चाचणी झाली; निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं. ६ ते ८ बैठका. सुटलेली कामं थोडी थोडी पुन्हा धरायची, बस्स. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९. अडचण एवढीच, आमच्या केंद्रात असं कुणी बसत नाही. तोवर फोनच.