‘अजून वरूनच आलं नाही, वहिनी’ : निराधारचे पैसे कुठे जात होते

संजय गांधी निराधार योजनेचे, म्हणजे विधवा-निराधारांना सरकार देतं ते पैसे महिन्याच्या महिन्याला येतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरात निराधार कुणी नसणार. कधी येतात, कधी लांबतात, कधी दोन महिन्यांचे एकदम पडतात. सणाच्या आधी येणार म्हणून गावभर बोललं जातं आणि सण उरकल्यावर येतात. आम्हा बायकांना त्याची सवय झालीय. चोराने नेमकी ही सवयच धरली. पैसे आले नाहीत असं कुणी सांगितलं की आम्ही विश्वास ठेवतो, कारण बहुतेक वेळा ते खरंच आलेले नसतात.

आधी घरचा हिशेब सांगते, म्हणजे १५०० रुपयांनी काय होतं ते कळेल. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू भागातले. मालक गेले तेव्हापासून घरात चौघं: मी, आत्या म्हणजे सासूबाई, थोरला मुलगा कॉलेजला, धाकटी हायस्कूलला. दीड एकर रान, त्यात शाळू होतो तो खायला आणि कडबा गाईला. रेशनवर माणशी ५ किलो म्हणजे २० किलो धान्य फुकट मिळतं. दुधाचा हिशेब दर दहा दिवसांनी लागतो, पण पेंडीचं पोतं डेअरीवाला आधीच कापून घेतो, हातात येतं ते किराणा आणि लाईटबिलाला पुरतं. धाकटीचा एसटीचा पास फुकट आहे, थोरल्याच्या पासाला पैसे लागतात. बाकी गॅस, आत्यांच्या बीपीच्या गोळ्या, लग्नकार्यातला आहेर, शाळेच्या वर्गण्या. या बाकीसाठी माझे निराधारचे १५०० आणि आत्यांचे श्रावणबाळचे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या योजनेचे १५००. लाडकी बहीण का घेत नाहीस, असं मला बरेच जण विचारतात. दुसऱ्या योजनेतून १५०० मिळत असतील तर ते मिळत नाही, एवढं सांगून मी गप्प बसते.

बँक तालुक्याला. आता बाईला एसटीत अर्धं तिकीट आहे, पण गेलं की दिवस मोडतो आणि खुरपणीची मजुरी बुडते. म्हणून गावात ग्राहक सेवा केंद्र निघालं तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. एक टेबल, एक मशीन, अंगठा ठेवला की पैसे. केंद्र चालवणारा पोरगा गावातलाच. मालकांच्या मृत्यूच्या दाखल्यापासून तहसीलच्या अर्जापर्यंत सगळी कागदपत्रं त्यानेच जुळवून दिली होती. ‘फाईल वर सरकवायला’ म्हणून त्याचे वेगळे पैसे घेतले. या योजनेच्या अर्जाला फी नसते हे मला पुढे तहसीलात कळलं. पण तेव्हा घरात दुसरं कोण धावणार होतं? आत्यांना चालवत नाही म्हणून तो मशीन घेऊन घरी यायचा. आल्यावर पाया पडायचा. आत्या त्याला चहाशिवाय सोडायच्या नाहीत.

आता तो अंगठा कसा घ्यायचा ते नीट वाचा. मशीनचा लाल दिवा लागायचा. फोनचा स्क्रीन त्याच्या बाजूला. “बोट केसावर घासा वहिनी, जरा तेल लागलं की उठतंय.” मी घासायची. तो स्क्रीनकडे बघून मान हलवायचा. “एरर येतोय, परत द्या.” मग दुसरं बोट, मग डाव्या हाताचं. शेवटी “सर्वर डाऊन आहे, उद्या बघू.” खुरपं धरून धरून बोटांच्या रेषा झिजतात हे खोटं नाही, रेशन दुकानातही आमचं असंच होतं, त्यामुळे यात शंका घ्यावी असं काही वाटत नाही. प्रत्यक्षात त्यातला एखादा अंगठा उठलेला असायचा आणि पैसे खात्यातून निघालेले असायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगठा घेऊन तो १५०० द्यायचा. खात्यात दोन महिन्यांचे ३००० पडलेले असायचे. पावती मागितली की रोल संपलेला.

मेसेज का आला नाही, हा प्रश्न मला पोलीस ठाण्यातही विचारला. खात्याला नंबर होता मालकांचा. ते गेल्यावर त्या सिमला रिचार्ज कोण मारणार, ते बंद पडलं. बँकेचे मेसेज त्या बंद नंबरवर जात राहिले. आपल्याकडे किती बायकांच्या खात्याला नवऱ्याचा नंबर असतो बघा. माणूस गेल्यावर वारसनोंद, रेशनकार्ड, लाईटचं मीटर सगळं आठवतं, बँकेतला नंबर कुणाला आठवत नाही.

इथपर्यंत त्याने अर्धे खाल्ले. मग त्याला अर्ध्यावरही भागेना.

एकदा तो म्हणाला, हयातीचं केवायसी आलंय, केलं नाही तर पगार बंद होईल. निराधारच्या पैशांना आमच्याकडे पगारच म्हणतात. वर्षाला हयातीचा दाखला द्यावा लागतो हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे मी अंगठा दिला, आत्यांनीही दिला. त्या अंगठ्यावर त्याने आमच्या नावाने दुसऱ्याच एका बँकेत खाती उघडली. मोबाईल नंबर त्याचा. आता सरकारी पैसे कुठे जमा होतात ते समजून घ्या. पूर्वी तहसीलातून बँकेत यादी जायची आणि खाते क्रमांकावर पैसे पडायचे. आता ते आधारवर पडतात. खाती चार असली तरी आधारला पैशांसाठी एकच खातं जोडलेलं असतं, आणि शेवटी जे जोडलं तेच धरलं जातं. नवं खातं उघडताना ‘सरकारी अनुदान याच खात्यात घ्या’ असं मान्य केलं की जुनी बँक आपोआप सुटते. ते मान्य करायचं बटण त्याच्या फोनवर होतं, आणि दाबलंही त्यानेच.

त्यानंतर आमचं पासबुक कोरडं. विचारलं की एकच उत्तर, “अजून वरूनच आलं नाही, वहिनी. सगळ्यांचंच थांबलंय.”

मी हिशेबाची वही ठेवते. डाव्या बाजूला दूध, मजुरी, निराधार, श्रावणबाळ. उजव्या बाजूला खर्च. निराधार आणि श्रावणबाळ हे दोन्ही रकाने एकदमच रिकामे पडायला लागले. दोन्ही योजना तहसीलातल्या एकाच शाखेतून चालतात, म्हणून एकदम थांबणं अशक्य नव्हतं, पण खटकत होतं. त्यात डेअरीवर दूध घालताना वरच्या आळीतल्या एक आक्का बोलता बोलता म्हणाल्या, निराधारचे आले त्यातून पोरीच्या क्लासची फी भागवली. त्याही विधवा, यादी तीच. फरक एवढाच की त्यांच्या गावातल्या भावकीचं आणि त्या पोराच्या घरचं जमत नाही, म्हणून त्या केंद्रात पाऊल ठेवत नाहीत, तालुक्याला जाऊन स्लिप भरून पैसे काढतात. भावकीच्या भांडणाने कुणाचं भलं झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तहसील गाठलं. संजय गांधी शाखेतल्या क्लार्कने नाव टाकलं आणि म्हणाला, “मावशी, तुमचे तर जमा झालेत.” बँकेचं नाव वाचून दाखवलं. त्या बँकेचं दारही मी पाहिलेलं नव्हतं. “आधार दुसरीकडं लागलंय तुमचं. अशा आलेल्या तुम्ही पहिल्या नाही.”

तिथून खरी वणवण. त्या दुसऱ्या बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावला तर म्हणे नोंदवलेल्या नंबरवरून बोला. नोंदवलेला नंबर चोराचा! शेवटी जिल्ह्याच्या शाखेत जावं लागलं. माझ्याच खात्याचा उतारा द्यायला तिथेही आधी अंगठा मागितला. हसावं की रडावं कळेना. उतारा हातात आला तेव्हा सगळं स्वच्छ दिसलं: पैसे जमा, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अंगठ्यावर काढले. आत्यांचंही तेच.

पुढच्या कामात मुलाची मदत झाली. आधारला स्वतःचा मोबाईल जोडलेला असेल तर आधारच्या संकेतस्थळावर आपला अंगठा कधी, किती वाजता आणि कोणत्या संस्थेकडून वापरला गेला याची मागच्या सहा महिन्यांची यादी निघते. कोणती बँक आधारला जोडलीय तेही तिथेच दिसतं. माझ्या आधारलाही मालकांचाच नंबर होता, त्यामुळे आधी आधार केंद्रात रांग लावून तो बदलला. यादी निघाल्यावर ‘एरर येतोय’ म्हणालेल्या दिवसांच्या पुढे ‘यशस्वी’ लिहिलेलं होतं. ती यादी छापून घ्या. बोलण्यापेक्षा त्या कागदाला वजन आहे. सहा महिन्यांच्या मागचं तिथे दिसत नाही, म्हणून शंका आल्यावर बसून राहू नका.

अंगठा लॉक करायचीही सोय आहे. लॉक केला की कुणालाच त्यावर पैसे काढता येत नाहीत. मात्र रेशन दुकानातही मग अंगठा उठत नाही. त्यासाठी फोनवरून दहा मिनिटांपुरता उघडावा लागतो, आणि दुकानात आपला नंबर लागायच्या आत ती दहा मिनिटं संपतात. घरात फोन चालवणारं कुणी असेल तरच या भानगडीत पडा. मी आत्यांचा लॉक करून ठेवलाय, रेशनला मी जाते. माझा उघडाच आहे.

जुन्या बँकेत फॉर्म भरून आधार पुन्हा तिथे जोडून घेतलं, मोबाईल बदलला, पासबुक भरून घेतलं. हे काम फुकट होतं. तक्रारी मात्र सगळीकडे लेखी दिल्या: दोन्ही बँकांना, तहसीलला, पोलिसांना. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर फोनही केला. पोलीस ठाण्यात आधी म्हणाले बँकेत जा, बँकेत म्हणाले पोलिसांत जा. तुम्हालाही असंच फिरवतील. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठायचं नाही. पोच असेल तर पुढच्या वेळी ‘तुम्ही आलाच नव्हता’ असं कुणाला म्हणता येत नाही.

तक्रार गेली म्हणताच गाव जागं झालं. माझ्यासारख्या आणखी बायका निघाल्या, काहींच्या तर नावावर खातं आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. त्या पोराचे वडील दोन मोठ्या माणसांना घेऊन आमच्या ओसरीवर आले. पोराचं लग्न ठरायचंय, गावातलं गावात मिटवू, पैसे देतो, फक्त ‘गैरसमजातून तक्रार केली होती’ एवढं लिहून द्या. हा कागद कुणीही लिहून देऊ नका. मी सांगितलं, रोख नको, माझ्या खात्यात भरा, आणि जेवढे भराल तेवढे मिळाले असं मी लिहून देईन. गैरसमजाचा शब्द त्यात येणार नाही. त्यांना ते आवडलं नाही. “दहावी शिकलेली बाई, तुला कळलं कसं नाही?” असं त्यातल्या एका मोठ्या माणसाने वर मलाच विचारलं. शिक्षणाचा इथे काय संबंध? स्क्रीन त्याच्याकडे होता, पावती त्याच्याकडे होती, नंबर त्याचा होता. पदवीधराला बसवा त्या खुर्चीत, त्यालाही एररच दिसेल.

आत्यांना मात्र पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं, पोरगं वाईट नाही, संगत वाईट असेल. मी वाद घातला नाही. उताऱ्यातल्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या, तारखेसकट. एका तारखेला त्यांना आठवलं की त्या दिवशी त्याने येताना केळी आणली होती.

आता अंगठा द्यायची वेळ आलीच तर मी काय करते ते सांगते. स्क्रीन माझ्याकडे वळवायला लावते. अंगठा पैसे काढायला आहे, शिल्लक बघायला आहे की केवायसीला, ते आधी विचारते. ‘एरर’ म्हणाला तरी त्या एररची पावती मागते, ती निघते. रोल संपला असेल तर अंगठा देत नाही. ‘आले का?’ हे केंद्रवाल्याला विचारणं बंद केलं, ते पासबुकाला किंवा तहसीलला विचारते. महिन्यातून एकदा अर्ध्या तिकिटात बँकेत जाऊन पासबुक भरून आणते. मजुरी बुडते ती बुडो.

आत्यांचे पैसे बहुतेक परत आलेत. माझ्यातले काही यायचेत, त्याचा अर्ज चालू आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फी न भरता तक्रार करता येते, चौकशीचा नंबर १४४४८. मी तिथे कागद पाठवलेत. पोलिसांत जबाब झालाय, पुढची तारीख कळलेली नाही. पोराची आयडी बँकेने बंद केली. गेल्या महिन्यापासून त्याच गाळ्यात त्याच्या चुलतभावाच्या नावावर नवं मशीन सुरू झालंय.