सोनिक की अल्ट्रासॉनिक: दाताचा रूट कॅनाल धुताना कुठलं उपकरण घ्यावं?

धुण्याच्या द्रावणांपैकी हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) कधी आणि ईडीटीए कधी हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. नुसत्या सिरिंजने भागत नाही हेही एव्हाना पटलेलं असतं, कारण सुईच्या टोकापुढे पाणी फारसं सरकतच नाही आणि एपिकल थर्डमधे, म्हणजे मुळाच्या टोकाकडच्या भागात, हवा अडकून बसते. मग आतलं द्रावण हलवायला घ्यायचं काय?

ताकदीत अल्ट्रासॉनिक पुढे, वाद नाही. 25-30 किलोहर्ट्झला फाइल (धातूची बारीक सळई) थरथरते, हायपो जोरात घुसळला जातो आणि जिथे इन्स्ट्रुमेंट पोचत नाही त्या इस्थमसमधला (दोन कॅनाल जोडणाऱ्या चिंचोळ्या फटीतला) टिश्यूसुद्धा सुटतो. वरच्या सेंट्रलसारखा (समोरच्या मधल्या दातासारखा) सरळ, रुंद कॅनाल असेल तर मी आजही तेच घेतो, 20-20 सेकंद तीनदा, दरवेळी ताजा हायपो.

पण खालच्या मोलरचे (दाढेचे) मेझियल, म्हणजे पुढच्या मुळातले, कॅनाल आले की वैताग सुरू. फाइल मोकळी असेल तरच ती काम करते, वळणावर भिंतीला टेकली की आवाज बदलतो, चरचर ऐकू येते आणि थरथर तिथेच मरते, वर घ्यावी तर खालचा भाग राहतो, खाली न्यावी तर धातूच तो, डेंटिन खरवडणार, लेजची (भिंतीत पायरी पडायची) भीती वेगळीच. म्हणजे धुणं बाजूला आणि सगळं लक्ष फाइल कुठे टेकतेय यावर. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

सोनिकची टिप प्लास्टिकची, वळणाबरोबर वळते आणि भिंतीला लागली तरी कापत नाही. वर्किंग लेंग्थच्या (कॅनालमधे जिथवर काम करायचं त्या लांबीच्या) दोन मिलिमीटर अलीकडे ठेवून हळू वरखाली केली की चेंबरमधला (दाताच्या वरच्या पोकळीतला) स्वच्छ हायपो गढूळ होतो, पांढरट चुरा वर येतो, तो सक्शनने ओढून परत भरायचा, असं गढूळ यायचं थांबेपर्यंत. आता हे काही मोजमाप नव्हे, आणि बऱ्याच अभ्यासांत अल्ट्रासॉनिकच सरस ठरतं हेही मान्य. पण वाकड्या कॅनालमधे मी जे निर्धास्तपणे शेवटपर्यंत करू शकतो ते मला जास्त कामाचं वाटतं.

एक मात्र सांभाळा, ही टिप तुटली तर एक्सरेत दिसत नाही, त्यामुळे बाहेर काढल्यावर टोक बघायचंच, आणि कॅनाल पुरेसा रुंद केल्याशिवाय घालायची नाही.

अल्ट्रासॉनिक युनिट आधीच असेल तर लगेच दुसरं घ्यायची घाई नको, वाकड्या कॅनालला तोवर मास्टर कोन (कॅनाल भरायचा गटापर्चाचा सुळका) दोन-तीन मिलिमीटर वरखाली करा, हात भरून येतो पण अडकलेली हवा सुटते. नवीनच घेणार असाल आणि मोलर जास्त येत असतील तर मी आधी सोनिक घेईन.