पावणेआठचा डबा

राहायला सिडकोत, पवननगरला. कामाला अंबड एमआयडीसीत टूलरूमला. बायको सुरगाण्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, शनिवारी दुपारी येते आणि रविवारी संध्याकाळी जाते. बाकीचे दिवस घरात मी आणि फ्रीज. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्या डब्याबद्दल लिहितोय तो चवीत नाशकात पहिला येईल असा काही नाही. तरी अकरा महिने झाले, मी तो बंद केलेला नाही.

डबा उत्तमनगरच्या एका ताईंचा. नाव टाकू नका म्हणाल्या, "आहेत तेच डबे उरकत नाहीत, भाऊ." मी फक्त संध्याकाळचा घेतो, दुपारी कंपनीचं कँटीन आहे. महिन्याला २,१०० रुपये, रविवारी सुट्टी. चार पुडांचा स्टीलचा डबा, त्यात तीन पोळ्या, भाजी, भात, वरण. कागदात गुंडाळलेला चिमूटभर ठेचा. मेथी पीठ पेरून करतात ती एक नंबर. गुरुवारी कधी कधी काळ्या मसाल्याचे शेंगोळे असतात, त्या दिवशी मी पूड बोटाने पुसून खातो. गिलक्याची भाजी मात्र पाणचट आणि डांगर आठवड्यातून दोनदा, हे जरा जास्तच होतं. वरणात मीठही हात सोडून.

पण हा डबा मी चवीसाठी लावलेला नाही. तो पावणेआठला येतो म्हणून लावलाय.

आधी काय चालायचं ते सांगतो. सकाळी नुसता चहा. दुपारी कँटीनमध्ये अर्धं ताट, कारण एका जिमवाल्याने १,२०० कॅलरीचा तक्ता लिहून दिला होता. तो सकाळपासून पाळायचो आणि रात्री साडेनऊला सगळं सुटायचं. फ्रीजचं दार उघडं ठेवून, उभ्यानेच, पातेल्यातला गार भात. मग मेन रोडवरून आणलेला अर्धा किलो चिवडा, पाहुण्यांसाठी म्हणून आणलेला. मग खारी, मग जॅम चमच्याने. भूक पहिल्या पाच मिनिटांतच संपलेली असायची, हात थांबत नसे. शेवटी चिवड्याची पिशवी घडी करून वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी. घरात दुसरं कोणी नसताना मी ती कोणापासून लपवत होतो कोण जाणे. सकाळी पश्चात्ताप, म्हणून पुन्हा नुसता चहा.

बायकोने ओढत मानसोपचारवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मला वाटलं होतं जिभेवर ताबा ठेवा म्हणतील. त्या म्हणाल्या, याला नाव आहे, बिंज इटिंग डिसऑर्डर, म्हणजे ताबा सुटून हादडत राहण्याचा आजार. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या त्यांच्या यादीच्या पुस्तकात, तो स्वतंत्र आजार म्हणून घातला. आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने, ही त्यांची एक खूण. माझं आठवड्यातून चारदा चालायचं. मग त्यांनी माझ्या वहीत एक दिवस आखून दिला. तीन वेळा जेवण, मध्ये दोनदा काहीतरी, आणि दोन खाण्यांत तीन-चार तासांच्या वर अंतर नको. आदल्या रात्री हादडलं असलं तरी सकाळचा नाष्टा चुकवायचा नाही, उलट त्या दिवशी तर नाहीच. वजन आठवड्यातून एकदाच. आणि जे खाल्लं ते तेव्हाच लिहायचं, वेळेसकट.

आता सकाळी साडेसातला पोहे नाहीतर पोळी-भाजी, मध्ये थोडं काहीतरी, साडेबाराला कँटीनचं पूर्ण ताट, चारला चहाबरोबर मूठभर फुटाणे नि एक केळं. आणि पावणेआठला डबा. ताईंचा मुलगा ॲक्टिव्हावरून येतो, खालूनच हॉर्न देतो.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला होता. म्हटलं, "ताई, दोनच पोळ्या द्या, भात नको." त्या म्हणाल्या, "दोन पोळ्यांत बाप्या माणसाचं भागतं का? उरली तर टाका कुत्र्याला." तीन आल्या, भातही आला. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई वही बघून म्हणाल्या, हे जेवण पोटभर आहे म्हणून रात्र शांत जातेय. त्यांची फी ताईंच्या सल्ल्यापेक्षा बरीच महाग आहे, एवढंच म्हणतो.

तक्रारी आहेत. कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते उकरलेत, त्यात पाऊस. एकदा डबा नऊ-दहाला आला, फोन उचलेना कोणी. तोवर मी खारीचा पुडा संपवला होता आणि डबा आल्यावर तोही. वहीत त्या ओळीपुढे फुली आहे. आता घरात मूगडाळ आणि तांदूळ ठेवतो, सव्वाआठ वाजले की खिचडीचा कुकर चढतो.

दुसरी तक्रार उपवासाच्या डब्याची. चतुर्थी-एकादशीला न विचारता भगर आणि दाण्याची आमटी येते. ताईंना वाटतं पुण्य लागतं. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण माझ्यासारख्यानेच पाडली असणार. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री माझं काय होतं ते त्यांना समजावून सांगितलं, सगळं नाही, पोटाचा त्रास म्हणून. तेव्हापासून माझ्या डब्याला लाल दोरा बांधतात, म्हणजे साधं जेवण.

खरी अडचण रविवारची. सकाळ छान जाते. दोन वर्षं मिसळ वर्ज्य केली होती, आता बायकोबरोबर बसून खातो, एक प्लेट, दोन पाव, वहीत लिहून. पण संध्याकाळी तिला बसमध्ये बसवून घरी आलं की डबा नाही, माणूस नाही. अकरा महिन्यांत बहुतेक फुल्या रविवारच्याच आहेत. ताईंना विचारलं, रविवारी जादा पैसे देतो. त्या म्हणाल्या, "मलाही एक संध्याकाळ हवी ना, भाऊ." याला उत्तर नाही. मग बायको निघायच्या आधी दोघं मिळून भाकरी-पिठलं करतो, ती तिचं बांधून नेते, मी माझं पावणेआठला वाढून घेतो. फोनवर तीही बसमध्ये तेव्हाच डबा उघडते.

कोणाला लावायचा असेल तर उत्तमनगरात विचारा, पण नवीन डबे पुढच्या महिन्यापासूनच घेणार आहेत. पैसे रोख, एक तारखेला. आणि डबा घासून द्या. मी एकदा खरकटा दिला होता, दुसऱ्या दिवशी ठेचा आला नाही.