बैलाच्या शिंगानं झालेला हर्निया: आप्पांच्या ऑपरेशनचा अनुभव (५ पैकी ४ तारे)

बेंदराच्या सकाळी झूल टाकताना सर्जानं मान हिसडली आणि शिंग आप्पांच्या उजव्या कुशीत बसलं. शिंगाला पितळी शेंबी होती म्हणून कातडी फाटली नाही, नुसतं काळंनिळं झालं. गावात मुका मार म्हणून मलम मिळालं. रक्त साकळलंय, जिरेल म्हणे. काळेपणा जिरला, लिंबाएवढी गाठ राहिली. आडवं झालं की गायब, वैरणीचा भारा उचलला की हजर.

तिसऱ्या आठवड्यात कोल्हापुरातल्या एका सर्जनकडे आलो. (अपॉइंटमेंट असली तरी दोन तास बसावं लागतं, डबा घेऊन जा.) त्यांनी फाईल बाजूला ठेवली. "काका, उभे राहा आणि खोका." गाठ फुगली. बोटांनी दाबली तर गुडगुड करत आत गेली. "साकळलेलं रक्त असं आत-बाहेर करत नाही," म्हणाले. तरी सीटी स्कॅन करायला लावलाच. स्नायूतली फट केवढी, आत काय शिरलंय, यकृत-आतड्याला मार आहे का, हे बघायला. फट चांगली चार बोटं निघाली.

मग पॅडच्या मागे चित्र काढलं. कुशीला स्नायूंचे तीन थर. नेहमीच्या हर्नियात मुळातली कच्ची जागा सैल पडते. इथे धडधाकट स्नायू फाटलेला, आणि कातडी लवचिक म्हणून वर सगळं शाबूत. दुर्बिणीनं का नाही, हे मी विचारलंच. कडा आखडून लांब गेल्यात, हातानं जवळ आणायच्यात, म्हणाले. पोट उघडून आधी आतडं तपासलं, मग थर शिवले, आधाराला जाळी बसवली. आतडं फाटलेलं निघालं असतं तर जंतुसंसर्गाच्या भीतीनं जाळीचा विचार पुढे ढकलला असता, हेही आधीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी घरी. तीन महिने ओझं बंद. आप्पांना हे ऑपरेशनपेक्षा जड जातंय.

एक तारा कापला तो पट्ट्यासाठी आणि फॉर्मसाठी. खालच्या मेडिकलमधला पोटाचा पट्टा बसलं की गुंडाळून टाक्यांवर चढायचा. शेवटी बाहेरून रुंद पट्टा आणला. आणि आप्पांनी स्पष्ट 'बैल' सांगूनही काउंटरवर कुणीतरी इजेचं कारण 'घरात पडून' लिहिलं. विमावाल्यांनी तेवढ्यावरून डिस्चार्ज अख्खा दिवस लटकवला. भरती करताना तो रकाना स्वतः वाचा.