एकवीस दिवसांत रागावर ताबा? आधी पावती वाचा

रात्री अकराला भांडण होतं. ताट भिरकावलं जातं, पोरं रडत झोपतात. साडेबाराला घर शांत झालं की ज्यानं ताट भिरकावलं तोच माणूस अंथरुणात मोबाईल काढून 'राग कंट्रोल कसा करावा' असं टाइप करतो. फसवणूक सुरू होते ती इथं. त्या वेळी राग उरलेला नसतो, शरम उरलेली असते, आणि शरमेतला माणूस घासाघीस करत नाही. सकाळी बायकोला सांगायला काहीतरी हवं असतं: भरले बघ पैसे, सुधारतोय मी. राग घालवायचे २१ दिवसांचे कोर्स विकणाऱ्या 'कोच'ला हे नेमकं ठाऊक असतं, म्हणून त्याची 'ऑफर' सकाळी दहापर्यंतच असते.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरात आलेली अशी एक पावती बघा. नाव सोडून देऊ, मजकूर महत्त्वाचा. 'इमोशनल मास्टरी प्रोग्रॅम, २१ दिवस. मूळ फी रु. २४,०००. आज भरल्यास रु. १८,०००. फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.' खाली कोपऱ्यात, चष्मा लावूनच दिसेल अशा अक्षरांत: 'ही सेवा वैद्यकीय उपचार अथवा मानसोपचार नाही.' फोनवर मात्र दर दोन वाक्यांनी 'थेरपी' आली होती.

"ताई, दादांना बायपोलर वगैरे काही नाही. सबकॉन्शसमध्ये लहानपणीचा ब्लॉक आहे. गोळ्यांनी तो नुसता दाबला जातो. आम्ही मुळापासून काढतो."

माणूस न बघता निदान झालं, आजार नाकारला गेला, आणि गोळ्यांबद्दल मत देऊन झालं, ते सगळं दहा मिनिटांच्या 'फ्री सेशन'मध्ये. हे सेशन म्हणजे विक्रीचा फोन. वेड्याच्या डॉक्टरकडे गेला म्हणून गावात बोभाटा होईल, ही भीती इथं त्यांच्या कामाला येते. 'माइंड वेलनेस' या पाटीखाली कुणी ओळखीचं दिसलं तरी लाज वाटत नाही.

अशा कोचच्या भिंतीवरच्या फ्रेमा जवळ जाऊन वाचाव्यात. पहिली छोट्या धंद्यांच्या 'उद्यम' नोंदणीची असते. वर भारत सरकारचं नाव, खाली क्यूआर कोड, म्हणून जाहिरातीत 'भारत सरकार मान्यताप्राप्त'. ही नोंदणी कुणीही घरबसल्या, स्वतःच माहिती भरून, फुकट करतो. पापडाच्या घरगुती धंद्यालाही हाच कागद मिळतो. दुसरी शॉप अ‍ॅक्टची. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असले की दुकान सुरू केल्याची नुसती सूचना द्यायची असते, तिचीच ही पोच. तिसरी आयएसओ ९००१. ते मानक कामकाजाच्या पद्धतीचं आहे, उपचार करणाऱ्याच्या शिक्षणाचं नव्हे. चौथी फ्रेम सगळ्यात मोठी: एनएलपी (शब्दांतून विचारांच्या सवयी बदलण्याचा दावा करणारी पद्धत), हिप्नोथेरपी, 'मास्टर कोच', आणि कधीकधी मानद डॉक्टरेट. बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारी डीएमआयटी चाचणी कुणी वर विकत असेल, तर तिला शास्त्रीय आधार नाही. अंधश्रद्धेशी आयुष्यभर झगडलेले दाभोलकर ज्या साताऱ्याचे, तिथंही लोक ही चाचणी पोरांसाठी पैसे मोजून करून घेतात.

पॅकेजात काय मिळतं? पहिल्या आठवड्यात झूमवर घोळक्यानं ध्यान, मग 'साचलेलं बाहेर काढा' म्हणून उशीवर ठोसे आणि किंचाळणं. थोडा वेळ हलकं वाटतं, म्हणून माणूस फसतो. राग हे शरीराचं तापणं आहे. ठोसे मारून ते आणखी तापतं. रागावरच्या १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये निघाला. त्यात शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी (संथ श्वास, स्नायू सैल सोडणं, ध्यान) राग उतरलेला दिसला. तापवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरला नाही. दोन आठवड्यांनी घरातली भांडणं वाढली की उत्तर तयार असतं: "हे हीलिंगच आहे, जुनं बाहेर येतंय. आता लेव्हल टू घ्यावी लागेल." लेव्हल टू पहिल्यापेक्षा महाग असते.

पैशांपेक्षा मोठं नुकसान गोळ्यांचं. चालू औषधं कोचच्या सांगण्यावरून एकदम थांबवली तर पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारख्या नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांच्या बाबतीत दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं, चिडचिड सुरू होऊ शकते. बायपोलरवरचं, म्हणजे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांच्या आजारावरचं, लिथियम अचानक तोडलं तर आजार उलटण्याचा धोका असतो. आणि नेमकी ती चिडचिडही 'ब्लॉक'च्या खात्यावर टाकली जाते.

आता माणूस कसा पारखायचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या तोच लिहितो, आणि त्याचा महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही. त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. पारंपरिक वाट दोन वर्षांच्या एमफिलची. त्याला सीआरआर क्रमांक, म्हणजे आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीतला क्रमांक, विचारा आणि आरसीआयच्या वेबसाइटवर नाव, पात्रता, मुदत तिन्ही जुळवा. नुसता क्रमांक बघून थांबू नका, दुसऱ्याचा क्रमांक छापलेलाही असू शकतो. या नोंदणीशिवाय हे काम केलं तर १९९२ च्या आरसीआय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाचा आकडा वाचून हसू येतं, पण कायदा तसा आहे.

एमए सायकॉलॉजी करून समुपदेशन करणारे सगळेच लबाड, असं मात्र नाही. चांगला समुपदेशक स्वतःच सांगतो की मी इतकंच करतो, यापुढं डॉक्टरांकडे जा, आणि माझं काम अमुक ज्येष्ठ तपासतात. लबाडी पदवी नसण्यात नाही, ती लपवण्यात आहे.

तीव्र भावनांसाठी 'डीबीटी' हा शब्द हल्ली जाहिरातींत फार दिसतो. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी उभी केलेली पद्धत. तिचं मूळ पुस्तक १९९३ चं. पूर्ण स्वरूपात आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, एक दोन-अडीच तासांचा कौशल्यवर्ग, मधल्या काळात फोनवर मदत, आणि थेरपिस्टांची आपसातली बैठक असते. कौशल्यं चार गटांत: सजगता, असह्य क्षण निभावणं, भावनांचं नियमन, नातेसंबंध. एकदा सगळं शिकवायला साधारण २४ आठवडे लागतात आणि बऱ्याचदा तेच पुन्हा घेऊन वर्ष होतं. म्हणजे २१ दिवसांचं 'डीबीटी' म्हणजे काय, ते समजून घ्या. सरळ विचारा (डायरी कार्ड म्हणजे रोजच्या भावना आणि वागणं टिपायचा तक्ता): "डायरी कार्ड भरून घेता का? भांडण झालं की त्याची साखळी कशी उलगडता?" ज्याला येतं तो लगेच कागद काढतो: झोप किती झाली, जेवण चुकलं का, कोणतं वाक्य लागलं, अंगात काय झालं, मग काय केलं. ज्याला येत नाही तो 'एनर्जी'वर जातो. सांगली-साताऱ्यात पूर्ण डीबीटी मिळणं अवघडच. 'मी डीबीटीतली कौशल्यं वापरतो' असं म्हणणारा बहुतेक वेळा जास्त प्रामाणिक.

चांगल्या तज्ज्ञाकडे पहिली एक ते तीन सत्रं मुख्यतः विचारपूस असते: थायरॉइड, दारू, झोप, मासिक पाळीशी चढउतार, आधीची औषधं, जीव द्यायचे विचार. हे न विचारता कुणी पॅकेजचा आकडा सांगितला तर उठा. पैसे सत्रागणिक द्या. आणि भांडणानंतरच्या ७२ तासांत आगाऊ मोठी रक्कम कुणालाच देऊ नका, चांगल्या माणसालासुद्धा.

मिरजेला पार कर्नाटकातून लोक उपचाराला येतात, आणि सांगलीकर मात्र मोबाईलवर शोधतात. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सांगलीचं सिव्हिल, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, इथं केस पेपर काढून मानसोपचार विभाग विचारा. गर्दी असते, वेळ कमी मिळतो. पण निदान तरी डॉक्टर करतो. जाताना गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, जुने रिपोर्ट आणि दोन आठवड्यांची नोंद न्या: राग कधी आला, दहापैकी किती, आदल्या रात्री झोप किती. रात्री-अपरात्री बोलायचं तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पैसे गेलेच असतील तर 'परत मिळणार नाही' या छापील ओळीला घाबरू नका. सेवेत कमतरता असताना पावतीवरच्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं. आधी रजिस्टर पोस्टानं लेखी मागणी, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला आयोगात फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं. पुरावा म्हणून पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, जाहिरात, आणि ज्यात 'थेरपी', 'गोळ्या सोडा' असं लिहिलंय ते मेसेज लागतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय बहुधा त्यांनीच चालू करून ठेवलेली असते, तेव्हा स्क्रीनशॉट आधी काढा, ग्रुप नंतर सोडा.