बँकेतून निवृत्तीनंतर: समवर्ती लेखापरीक्षण की आर्थिक साक्षरता केंद्र?

साठाव्या वर्षी बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यापुढे बहुधा दोन कंत्राटी कामं असतात.

पहिलं, समवर्ती लेखापरीक्षण, म्हणजे शाखेतले व्यवहार होत असतानाच त्यांची तपासणी. कर्जाची कागदपत्रं, केवायसी, गहाणखत, थकीत खाती, सगळं ओळखीचं. मानधन ठरलेलं. घराचे हप्ते किंवा मुलांचं शिक्षण बाकी असेल तर हेच घ्यावं, त्यात काहीच कमीपणा नाही. फक्त काल सोबत डबा खाल्लेल्यांच्या चुका आज लिहून द्याव्या लागतात, म्हणून आपली जुनी शाखा टाळावी.

दुसरं, आर्थिक साक्षरता केंद्रात समुपदेशक. मानधन बहुधा कमी आणि गावोगाव फिरणं आलं. तरीही तब्येत साथ देत असेल तर मी हेच सुचवीन. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे 436 रुपये दर वर्षी मे महिन्याच्या सुमारास खात्यातून आपोआप जातात. नवरा गेल्यावर 2 लाख रुपये मिळू शकतात, हे मात्र कितीतरी घरांत बायकोला ठाऊकच नसतं. पासबुकातली ती एक ओळ शोधून दाखवायची, तिच्याकडून दाव्याचा अर्ज भरून घ्यायचा, बचत गटात बसून प्रत्येकीचं नामनिर्देशन तपासायचं. आयुष्यभर काउंटरमागे बसलेल्या माणसाइतकं हे नीट कोण करेल? तिथे हुद्दा लागत नाही, बोलीभाषा आणि सबुरी लागते.

होकार देण्याआधी प्रवासखर्च वेगळा मिळतो का आणि करार किती महिन्यांचा आहे, हे लेखी घ्या.